सक्ती मतदानाची, जबाबदारी यंत्रणेची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मतदान सक्तीचे करा म्हटले की 'मत न देणे हाही माझा हक्कच' हे उत्तर ठरलेले. नोकरीत असताना मतदान केंद्रांवर अनेकदा काम केले, तेव्हा मलाही ते पटायचे. मत फिरले ते तिथेच बसून.

संध्याकाळी मतदार यादी मिटताना खूण नसलेल्या ओळींवर नजर जायची. एकाच घरातली चार नावे, चारही कोरी. ही माणसे रागाने आली नाहीत, आजारी होती, कामावरून सुटली नाहीत की नुसता कंटाळा केला, हे यादीवरून कळत नाही. उमेदवारांचे प्रतिनिधी मात्र दिवसभर आपापल्या याद्यांवर टिपणे करत असतात. कोणती वस्ती मतदानाला येत नाही, हे त्यांना चोख ठाऊक असते. अशा वस्तीत पुढच्या खेपेला कोण कशाला फिरकेल? राग दाखवायचाच असेल तर 'नोटा' आहे. मत गुप्त असते, तेव्हा सक्ती होते ती केंद्रापर्यंत येण्याची.

ऑस्ट्रेलियात १९२२ साली साठ टक्क्यांहूनही कमी मतदान झाले. १९२४ मध्ये कायदा आला आणि १९२५ च्या निवडणुकीत आकडा ९१ टक्क्यांवर गेला. चिलीचे उदाहरण तर अगदी ताजे. राज्यघटनेच्याच प्रश्नावर २०२० मध्ये ऐच्छिक सार्वमत झाले, तेव्हा जेमतेम निम्मे मतदार आले. २०२२ मध्ये सक्तीचे झाले, तेव्हा ८५ टक्के.

आता खोट. ऑस्ट्रेलियात उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. जबरदस्तीने आलेला माणूस वरून खाली क्रमाने आकडे टाकून मोकळा होतो. अशा मताला तिथे 'डाँकी व्होट' म्हणजे गाढवमतच म्हणतात. म्हणून तिथे मतपत्रिकेवरचा नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतात. अर्थात, स्वखुशीने आलेले सगळेच अभ्यास करून येतात असा माझा अनुभव नाही!

मला त्या देशाकडून घ्यावीशी वाटते ती दंडापेक्षा बाकीची व्यवस्था. दंड किरकोळ, २० डॉलर, आणि कारण सबळ असेल तर तोही माफ. पण मतदान शनिवारी असते, आधी येऊन मत देता येते, टपालाने देता येते, रुग्णालयांत आणि दुर्गम भागांत फिरती पथके जातात. ब्राझीलमध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना सक्ती नाही. (मी त्या वयाचा झालो आहे, तरी जातो.)

तेव्हा सक्ती जरूर करावी, पण आधी याद्या धड कराव्यात. वर्षानुवर्षे मत देणारा माणूस रांगेत दोन तास उभा राहतो आणि त्याचे नाव यादीत सापडत नाही, असे चेहरे मी टेबलापलीकडून पाहिले आहेत. त्याच माणसाला उद्या गैरहजेरीची नोटीस कोणत्या तोंडाने धाडणार?

आपला,
एक निवृत्त शिक्षक