अण्णा, ट्यूबलाईटखालून उठून लगेच मळ्यात जाऊ नका

आई, अण्णा,

दिवाळीतली ती रात्र डोक्यातून जातच नाहीये. साडेअकराला मोटरची थ्री फेज लाईट आली, अण्णा तुम्ही ट्यूबलाईटखालून उठले नि तसेच केळीत मोटर चालू करायला निघाले, आणि पाच मिनिटांत पाय पाटात. विचारलं तर नेहमीचंच, "बठ्ठं बराबर शे." पायजम्यावरचा केळीचा डाग आईने दोनदा घासला तरी गेला नाही.

तेव्हापासून मी डोळ्यांबद्दल वाचतेय. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या साधारण 60 लाख, त्या उजेडाच्या, रंग आणि बारीक अक्षरं त्यांच्यामुळे दिसतात. दांडीसारख्या जवळपास 12 कोटी, त्या अंधाराच्या, पण त्यांना रंग कळत नाही, म्हणून रात्री हिरवं पान नि वाळलेला पाला सगळं राखाडीच दिसतं. या दांडीपेशींत रोडॉप्सिन असतं, त्यात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू, उजेड पडला की तो सरळ होतो आणि तिथून निरोप मेंदूकडे निघतो. पण भरपूर उजेडात बसलं की हे रोडॉप्सिन संपत जातं, अंधारात ते परत भरायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि वय झालं की त्याहून जास्त. टाकी भरल्याशिवाय ड्रिपला पाणी येत नाही, तसंच आहे हे.

आणि गंमत म्हणजे यातलं अर्धं तर तुम्हीच मला शिकवलंय! लहानपणी गच्चीवर कृत्तिका मोजायला लावायचे आणि म्हणायचे, सरळ बघू नको, जरा बाजूला बघ म्हणजे जास्त दिसतील. ते अगदी खरंय, नजरेच्या ऐन मधोमध दांडीपेशी नसतातच, त्या बाजूला असतात. हे वाचलं नि मला रडूच आलं.

तर थ्री फेज यायच्या अर्धा तास आधी ट्यूब बंद करून ओट्यावर बसत जा. बॅटरी मात्र हातात पाहिजेच, केळीत सापकिरडू असतं.

आई, तू पपई, शेवग्याचा पाला खाऊ घालतेच, त्यामुळे अ जीवनसत्त्व कमी पडत असेल असं मला वाटत नाही. मला भीती अण्णांच्या शुगरची आहे. ती वाढलेली राहिली की पडदा खराब होतो, सुरुवातीला काही जाणवत नाही, आणि या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. येत्या शनिवारी मी येते, जळगावला पडदा तपासून घेऊ. थेंब टाकले की काही तास धुरकट दिसतं, म्हणून येताना गाडी मी चालवणार, तुम्ही नाही.

तुमची,
ताई