गरुड १९३१चा, पंख परवाचे

म्हापसा, बार्देश, गोवा
१४ जुलै

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री करणारी आपली कंपनी

विषय: ‘अस्सल, सर्व भाग मूळ’ म्हणून विकलेले स्लॉट मशीन (नाणे टाकून हँडल ओढायचे जुगाराचे यंत्र) तसे नसणे आणि परतावा नाकारणे याबाबत तक्रार.

महोदय,

१८ जूनला तुमचा खोका माझ्या बल्कावापाशी, म्हणजे घरापुढच्या ओसरीपाशी, उतरला. टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून तो आत ओढला. वजन चाळीस किलोच्या वर. “बाब, हें कितें? तिजोरी?” असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तिजोरीच, फक्त पैसे आत जाण्यासाठी. आज त्या विनोदाचं हसू येत नाही, कारण माझे ₹१,८५,००० खरोखरच आत गेले आहेत.

तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं: मिल्स कंपनी, शिकागो, ‘वॉर ईगल’ मॉडेल, १९३१, पाच सेंटच्या नाण्यावर चालणारं, अस्सल, सर्व भाग मूळ. सोबत रंगीत प्रमाणपत्र आलं. त्यात हे यंत्र ‘१९२५ सालापासून पोर्तुगीज गोव्यातल्या एका क्लबात’ उभं होतं असं म्हटलं आहे. १९३१ साली बाजारात आलेलं मॉडेल १९२५ साली गोव्यात कसं पोचलं हे प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यानं स्वतःला एकदा विचारायला हवं होतं. मी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतो. झालो नाही, हा माझा गाढवपणा. पण त्याचे पैसे तुम्ही घ्यावेत असं कुठं आहे?

माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘हौशी माणूस, काहीतरी गैरसमज झाला असेल’ असं वाटणार नाही. वडिलांचं म्हापशात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, नंतर तीस वर्षं ते मी चालवलं. नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांचं वेड रेल्वे स्टेशनावरच्या वजनकाट्यापासून लागलं. नाणं टाकलं की दिवे फिरायचे आणि वजनासोबत भविष्य छापलेलं तिकीट पडायचं. जुगाराचं म्हणाल तर जत्रेतला गडगडो लांबून पाहिला, तेवढाच. मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर आजवर पाय ठेवलेला नाही. गोव्यात जुगार कायद्याच्या १९९२च्या दुरुस्तीनंतर स्लॉट मशीनला परवानगी मिळते ती पंचतारांकित हॉटेलांना, हे मला ठाऊक आहे. माझं यंत्र दिवाणखान्यात उभं राहून नातवाला चाकांवरची लिंबं-चेरी दाखवणार होतं, बस्स.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही पाठवलेल्या किल्लीनं मागचं दार उघडलं. आतली यंत्रणा पाहिली आणि खरं सांगतो, हात जोडावेसे वाटले. हँडल ओढून सोडलं की तीन चाकं सुटतात, आणि एक छोटं दातेरी घड्याळ पंखा गरगरवत वेळ मोजतं. मग खटके पडतात: डावं, मधलं, उजवं. प्रत्येक चाकाला वीस थांबे, म्हणजे वीस गुणिले वीस गुणिले वीस, आठ हजार जुळण्या. चाकांवर छिद्रं पाडलेल्या चकत्या असतात. थांबल्यावर लोखंडी बोटं ती छिद्रं चाचपतात आणि जेवढी खोल जातील तेवढी नाणी सोडणारी पट्टी नाण्यांच्या नळीखालून सरकते. वीज नाही, बॅटरी नाही. ते घड्याळ मी साफ केलं, दोन थेंब तेल घातलं, आणि कित्येक वर्षं अडकलेलं तिसरं चाक सुटलं. ही यंत्रणा मूळ आहे. तिच्यावर ठोकलेला नंबर आहे आणि तिची झीज जिथं असायला हवी तिथंच आहे.

बाकीचं सगळं परवाचं आहे.

पहिला पुरावा तुमच्या नव्हे, माझ्या कपाटातला आहे. जहाजावर नोकरी केलेल्या शेजाऱ्यांनी अमेरिकेतून मला याच मॉडेलच्या दर्शनी भागाचा एक फुटका तुकडा आणून दिला होता. गरुडाचं डोकं आणि अर्धा पंख. तो मी तुमच्या यंत्राच्या गरुडाशेजारी धरला आणि व्हर्नियरनं मोजला. तुमचा गरुड जवळपास दीड मिलिमीटरनं लहान भरला. कारण साधं आहे. मूळ ओतकामावरून साचा काढून पुन्हा ॲल्युमिनियम ओतलं की ते थंड होताना शेकडा एक-सव्वा टक्क्यानं आकसतं. म्हणून नक्कल नेहमी मूळापेक्षा किंचित लहान आणि किंचित बोथट. माझ्या तुकड्यावर पिसाची रेघ नखाला लागते. तुमच्यावर बोट फिरवलं तर साबणाची वडी वाटते.

दुसरं, पेच. दर्शनी भाग पेटीला धरून ठेवणारे सगळे पेच आपल्याकडे ज्याला स्टार स्क्रू म्हणतात त्या फिलिप्स जातीचे आहेत. त्यांचं पेटंट १९३६चं. दुरुस्तीत कुणी पेच बदलले असतील, हे मी मान्य करतो, म्हणून त्यावर अडून बसलो नाही. पण ज्या भोकांत ते बसलेत त्यांचे आटे मेट्रिक आहेत. माझ्या दुकानातला सहा मिलिमीटरचा बोल्ट बोटांनी सरसर आत गेला. १९३१च्या शिकागोतल्या कारखान्यात इंचाचे आटे पाडत. पेच बदलता येतो, ओतलेल्या भोकाचे आटे कोण कशाला बदलेल?

तिसरं, नाण्याची खाच. पाच सेंटचं अमेरिकन निकेल २१.२१ मिलिमीटर व्यासाचं असतं. आपल्या २०११च्या मालिकेतला रुपया २१.९३चा. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण निकेलच्या खाचेत तो रुपया अडायला हवा. तुमच्या यंत्रात तो सहज जातो, आणि भिंगातून पाहिलं तर खाचेच्या कडेला कानशीचे ओरखडे अजून चकचकीत आहेत. कुणीतरी आपल्या सोयीनं ती रुंद केली आहे. यात मला राग येण्यापेक्षा नवलच जास्त वाटलं. ज्यानं हे केलं त्याला हे यंत्र चालवायचं होतं, विकायचं नव्हतं.

चौथा पुरावा पावसानं दिला. या पेट्या ओक लाकडाच्या असत, भरीव. गोव्याचा जून-जुलै तुम्हाला ठाऊक असेलच, आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पंधरा दिवसांत तुमच्या पेटीच्या तळाचा कोपरा फुगला आणि थर सुटले. आत चक्क प्लायवूड, वरून ओकचा पातळ पापुद्रा. पेटीवर नंबर कुठंच नाही.

बक्षिसांच्या दरांचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला आहे. मागची बाजू पांढरी राहिली, ती बघायला विसरले वाटतं. झिजेबद्दल एकच सांगतो. जुन्या यंत्राचा रंग जिथं हात लागतो तिथं जातो: हँडलचा गोळा, नाणी पडायच्या वाटीचा ओठ. तुमच्या यंत्राचा रंग चारी कडांना सारखाच गेलाय, आणि वाटीचा ओठ कोरा. माणसं कडा घासत बसत नाहीत, पॉलिश पेपर घासतो.

पेटीचं फुगणं नंतरचं, ते सोडून बाकीचं सगळं मी २१ जूनला फोटोंसकट तुम्हाला कळवलं. पोचपावती ३० जूनला आली. ई-व्यापाराच्या २०२०च्या नियमांप्रमाणे ती ४८ तासांत द्यायची असते. उत्तर असं: ‘आमच्या तज्ज्ञांच्या मते ही किरकोळ दुरुस्ती असून वस्तूचे अस्सलपण बाधित होत नाही. ग्राहकाने यंत्र उघडल्याने परतावा देता येणार नाही. सद्भावनेपोटी ₹५,०००चे कूपन देत आहोत.’

यंत्र उघडलं म्हणता? किल्ली तुम्हीच पाठवलीत, लाल फितीला बांधून. घड्याळ उघडल्याशिवाय ते कुणाचं आहे हे सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि पेटी, दर्शनी भाग, दरांचा कागद बदलणं याला किरकोळ दुरुस्ती म्हणत असाल तर भिंती, छप्पर आणि दारं बदललेलं घरही डागडुजी केलेलं म्हणता येईल.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. नवी पेटी लावणं हा गुन्हा नाही. या छंदात निम्मी यंत्रं दोन-तीन यंत्रांचे भाग जुळवून उभी असतात, आणि नव्या ओतकामाचे दर्शनी भागही उघडपणे विकले जातात. प्रामाणिक विक्रेता तसं लिहितो आणि किंमत तशी लावतो. ‘मूळ यंत्रणा, नवी पेटी, नवा दर्शनी भाग’ एवढे शब्द तुम्ही लिहिले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं, आणि कदाचित यंत्रही घेतलं असतं.

म्हणून दोन पर्याय देतो, निवड तुमची.

एक, पूर्ण ₹१,८५,००० आणि आणण्याचा वाहतूक खर्च ₹७,४०० परत करा आणि यंत्र तुमच्या खर्चानं घेऊन जा. दुसरा, यंत्र माझ्याकडे राहू द्या. नवी पावती बनवा, तिच्यावर वरचे तेच शब्द लिहा, किंमत ₹८०,००० लावा आणि ₹१,०५,००० परत करा. प्रमाणपत्र मात्र दोन्ही पर्यायांत रद्द करून तसं लेखी द्या, नाहीतर ते उद्या दुसऱ्या एखाद्या यंत्रासोबत फिरेल. कूपन नको.

तक्रार मिळाल्यापासून एक महिन्यात निकाल लावायचं बंधन तुमच्यावर आहे, म्हणजे २१ जुलैपर्यंत. त्यानंतर मी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्तर गोवा जिल्हा आयोगात जाईन. मी राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो. व्हर्नियर, फुटका गरुड आणि सहा मिलिमीटरचा बोल्ट मी सोबत घेऊन येईन.

यंत्र न्यायला माणूस पाठवणार असाल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी आमचा बाजार असतो आणि गल्लीत टेम्पो शिरत नाही. मूळ खोका बल्कावात ताडपत्रीखाली ठेवला आहे. तिसरं चाक आता नीट फिरतं, ते नेताना हँडल बांधून घ्यायला सांगा.

आपला,
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक तुमच्या पावतीवर आहे तोच)

सोबत: फोटो १७, पावतीची प्रत, प्रमाणपत्राची प्रत, ३० जूनच्या उत्तराची प्रत.