आप्पांच्या बॅनरवर काय लिहायचं

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आप्पाकाकांच्या वर्षश्राद्धाच्या बॅनरसाठी तुम्ही मजकूर मागितलात. वर ‘त्यागमूर्ती’ आणि खाली ‘चंदनासम देह झिजविला’ हे छापखान्यात सांगूनही आलात, असं आई म्हणाली. मधल्या चार ओळी तेवढ्या मी लिहायच्या. लिहायला बसते आणि हात अडतो, कारण त्या दोन ओळींच्या मध्ये आपले आप्पा काही केल्या बसत नाहीत. म्हणून हे पत्र. फोनवरही बोलले असते, पण हा विषय निघाला की तुम्ही फोन आईकडे देता.

देह कसला झिजविला? रविवारी लालबागहून मटण आणायचं काम आप्पांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. खाटकाशी हुज्जत घालून एखादी नळी जास्तीची टाकून घ्यायचे आणि जेवताना ती ताटावर ठोकत बसायचे. काकी ओरडायची, ताटाला पोचे पडतील म्हणून. ओरडून उपयोग नव्हता, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, वीस वर्षं काढल्यावर त्यांना ऐकू कितीसं येणार! पण साच्यांच्या धडधडाटात ओठ वाचायची सवय लागलेली. चाळीच्या गॅलरीच्या त्या टोकाला आम्ही पोरं काय कुजबुजतोय हे त्यांना या टोकावरून कळायचं. कॅरम खेळताना समोरची जोडी एकमेकांना काय खुणावतेय तेही. त्या माणसाला तुम्ही चंदनाचं खोड करून ठेवलंत.

परवा तुमच्या नातवाने विचारलं, संप म्हणजे नक्की काय झालं होतं? मी सांगितलं, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत पुढारी, मुंबईतल्या साठेक कापड गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्याचा पुढचा प्रश्न, संपला कधी? रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हटल्यावर त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याला काकीच्या खानावळीची गोष्ट सांगितली. संप लागला तेव्हा काकीकडे गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, खोलीतली बरीच माणसं जेवायला होती. पगार बंद झाले तसे काही जण गावी शेतीला गेले, उरलेल्यांना आप्पा म्हणाले, “जेवत राहा, संप मिटला की द्या.” संप काही मिटला नाही! तो हसत सुटला. काकीला तेव्हा हसू आलं नसणार. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तिथून खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं होतं, म्हणून ती सावकाराच्या दारात गेली नाही. पाटल्या मात्र गेल्या. आई, त्या कधी सुटल्या नाहीत, हे तुला माहीत आहे. आप्पांच्या दिलदारपणाचं बिल बऱ्याचदा काकीच्या नावावर फाटायचं आणि तिला आधी विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. हेही मला लिहायचं आहे, आणि बॅनरवर ते मावणार नाही.

आता मुख्य गोष्ट. बाबा, रागावू नका.

दिवाळीत काकीची ट्रंक आवरताना तुमचं बदली कार्ड सापडलं. तुमचं कार्ड इथे कसं, म्हणून विचारलं, तेव्हा तिनं ८३ च्या पावसाळ्यातलं सगळं सांगितलं. तुम्ही बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. संपात गिरण्यांनी हळूहळू बदलीवाले आत घ्यायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही गेलात. मला आजवर एवढंच माहीत होतं की तुम्ही भजनी मंडळ सोडलंत आणि चाळीत बरीच वर्षं कुणी तुमच्याशी धड बोलत नव्हतं. तुम्ही आपणहून गेलात, आप्पा बाहेर राहिले, आणि मोठ्या मनानं त्यांनी तुम्हाला माफ केलं, असंच मी धरून चालले होते. मला वाटतं, तुम्हीही मनात तेच धरून बसला आहात. ‘त्यागमूर्ती’ तिथूनच आलंय.

पण काकी वेगळं सांगते. आईला दिवस गेले होते, माझ्या वेळचे. घरात दीड वर्षात पगार नव्हता. रात्री जेवणं झाल्यावर आप्पा तुम्हाला म्हणाले, “तू जा. घरात एक तरी पगार येऊ दे. मी बाहेर थांबतो.” तुम्ही नाही म्हणालात. दोघांचं इतकं जुंपलं की शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या. आणि सकाळी पहिल्या पाळीला निघताना आप्पा तुमचा डबा हातात घेऊन तुमच्या पुढे जिना उतरले. खाली नळापाशी माणसं जमलेली. आप्पांचा आवाज एरवीही मोठाच, त्या दिवशी आणखी चढवून म्हणाले, “ह्याला मी पाठवतोय. काय बोलायचं ते मला बोला.” नाक्यापर्यंत आले, डबा तुमच्या हातात दिला आणि मागे फिरले. स्वतः मात्र त्या गिरणीत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

यात माफ करण्यासारखं काय होतं, बाबा? दोघा भावांनी घर वाचवायला काम वाटून घेतलं. तुमच्या वाट्याला पगार आणि शिव्या आल्या, त्यांच्या वाट्याला मान आणि बेकारी. कुणाचा वाटा जड होता हे मला आजही ठरवता येत नाही. तुमचाच असावा, असं कधी कधी वाटतं, कारण आप्पांना लोक अजून नमस्कार करतात.

बेकारीचंही त्यांनी रडगाणं केलं नाही. परळ डेपोतून रात्रीची एसटी धरायची, गावी उतरायचं, वाडीतल्या बायकांकडून आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड घ्यायचे आणि चाळीचाळीतून विकायचे. त्यातही गंमत बघा, बायकांना पैसे आधी, माल नंतर. तोटा झाला तर तो आप्पांचा. आई, तुझ्या हातात स्वतःचा पहिला पैसा त्या आमसुलांचा आला, हे तूच मला सांगितलं होतंस. हा त्याग नव्हता, धंदा होता, आणि बरा चालला होता. म्हाडाच्या लॉटरीत गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांनी अर्ज भरला. नंबर लागला नाही. वर्तमानपत्रातली यादी बघून झाल्यावर म्हणाले, “दीड लाख अर्जांत आपला दिसला असता तर मलाच संशय आला असता.” आणि कॅरम काढला.

तेव्हा बाबा, बॅनर करायचाच असेल तर करा, पण फोटो कॅरमवाला घ्या, शेजारी काकी असलेला. मजकुरात नाव, गाव, साचेखातं, एवढं पुरे. आणि त्या दिवशी सगळे जमतील तेव्हा ती नाक्यावरची गोष्ट तुम्ही स्वतः सांगा. भटजी गेल्यावर, जेवणाआधी. संपात गावी परतलेल्यांपैकी आता फार थोडे उरलेत, त्यांच्या कानावर ती तुमच्याच तोंडून जायला हवी. नसेल जमत तर मी सांगेन, पण तुम्ही समोर बसायचं, उठून मागच्या पडवीत जायचं नाही.

मी शुक्रवारी रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसनं निघते, काकीला घेऊन. संगमेश्वरला रिक्षा सांगून ठेवा, तिचे गुडघे दुखतात. आई, श्राद्धाला वडे-खीर ठीकच आहे, पण दुसऱ्या दिवशी मटण व्हायलाच हवं, काकीनं निक्षून सांगितलंय. आणि बाबा, छापखान्यात फोन उद्याच करा. एकदा छापायला घेतलं की तो पैसे सोडायचा नाही.

तुमची,
बाय