माननीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : सगळ्या पिशव्या ‘निगेटिव्ह’ होत्या, मग माझी मुलगी पॉझिटिव्ह कशी?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

माझी मुलगी थॅलेसेमिया मेजर या जन्मजात रक्तविकाराची रुग्ण असून तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. गेल्या आठवड्यात तिच्या नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराचा अहवाल पॉझिटिव्ह आला. घरात दुसऱ्या कोणालाही ही बाधा नाही आणि तिच्यावर कधी शस्त्रक्रियाही झालेली नाही. रक्तपेढीत विचारायला गेले, तेव्हा नोंदवही माझ्यासमोर सरकवून ‘मॅडम, सगळ्या पिशव्या निगेटिव्हच होत्या’ एवढेच सांगण्यात आले.

ते खरेही असेल, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. कायद्याने प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस (गुप्तरोग) आणि मलेरिया या पाचच आजारांसाठी चाचणी सक्तीची आहे. हिपॅटायटिस सीसाठी बहुतेक ठिकाणी प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) शोधणारी एलायझा चाचणी करतात; परंतु विषाणू शिरल्यानंतर प्रतिपिंडे दिसायला दोन-दोन महिने लागू शकतात, आणि त्या काळात दिलेले रक्त निगेटिव्हचा शिक्का घेऊन कोणाच्याही मुलाच्या शिरेत जाते. विषाणूचा अंशच शोधणारी नॅट चाचणी हा काळ एक-दोन आठवड्यांवर आणते. धोका तिनेही शून्य होत नाही, हे मला कळते. पण ती देशात आजही सक्तीची नाही. ज्याला परवडेल, त्याने जादा पैसे भरून नॅट केलेली पिशवी मागावी, अशी व्यवस्था आपण चालवता.

मुलगी विचारते, ‘आई, आता नवीन काय झालं मला?’ सतत रक्त चढवल्याने अंगात साठणारे लोह उतरवण्याच्या गोळ्यांनी आधीच तिचे पोट बिघडलेले असते, त्यात आता यकृताची औषधे. या आजारावर मोफत उपचार आहेत, असे मला समजावले जाते. सरकारमान्य रक्तातून आलेल्या आजारावर सरकारी औषध मिळाले, म्हणून मी आभार मानायचे का?

मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे आणि त्यांतील एक दगावल्याचे समोर आले, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्याला नोटीस बजावली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथे तेच घडले. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात रक्त संक्रमणातून एचआयव्ही झाल्याचे सांगणारे २,२३४ जण देशात नोंदले गेले, ही माहिती अधिकारात मिळालेली सरकारचीच आकडेवारी आहे. दर वेळी चौकशी लागते, आणि पुढे काय झाले ते आम्हा पालकांपर्यंत पोहोचत नाही.

पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालाने बंदी आणली, कारण गरजेपोटी माणूस आजार लपवतो. आज नेत्यांच्या वाढदिवसाच्या शिबिरांत रक्तदात्याला भेटवस्तू देतात, तेव्हा त्या निकालाचे काय उरते? मी स्वतः पाहिले आहे : मांडवात रांग खोळंबलेली, कार्यकर्ता अर्ज भरतो आहे, आणि कावीळ, गोंदण, दात काढणे, असुरक्षित संबंध या सगळ्या प्रश्नांपुढे दात्याला न विचारताच ‘नाही’च्या खुणा होत आहेत. फलकावर पिशव्यांचा आकडा लागतो. त्या पिशव्या कोणाला चढणार, याचा विचार मंत्रालयापासून मांडवापर्यंत कोणीच करत नाही.

राज्यातील प्रत्येक थॅलेसेमिया रुग्णाला नॅट केलेलेच रक्त विनामूल्य मिळेल, असा शासन निर्णय काढा. शिबिरात प्रत्येक दात्याची एकांतात विचारपूस डॉक्टरांनीच करावी आणि भेटवस्तू देणाऱ्या शिबिरातून रक्त घेणाऱ्या पेढीवर कारवाई व्हावी. माझ्या मुलीला गेल्या वर्षभरात रक्त दिलेल्या सर्व दात्यांना बोलावून त्यांची फेरतपासणी करा, कारण त्यांतील एकाला आपण बाधित आहोत हे कदाचित अजून माहीतही नसेल आणि तो पुढच्या शिबिरात पुन्हा रांगेत उभा राहील. तिची पुढची पिशवी दोन आठवड्यांनी लागणार आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवे आहे.

आपली,
एका थॅलेसेमियाग्रस्त मुलीची आई