घुमटवाल्या काकांना, आमच्या टीव्हीबद्दल

काका, सा. न.

चवथीच्या दुसऱ्या रात्री तुम्ही आरतीला आलात, आरतीला वाजवायचं मातीचं घुमट कोपऱ्यात टेकवलंत आणि चहा येईपर्यंत आतल्या खोलीत डोकावलात. आम्ही दोघे भाऊ तिथे फुटबॉलचा गेम खेळत होतो, म्हणजे खरं तर टीव्हीला शिव्या घालत होतो. पुढचा अर्धा तास तुम्ही जे केलंत, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. नेवरी तोंडात टाकून तुम्ही पुढच्या घरच्या आरतीला पळालात. पैसे तर तुम्ही घेणार नव्हताच, म्हणून निदान चारचौघांत लिहितोय.

पीएस फोर हा गेमचा कन्सोल बोटीवरच्या आतेभावाने दिलेला, टीव्ही घरचाच, 43 इंची. स्कोअर डाव्या कोपऱ्यात अर्धा कापलेला. बटण दाबलं की खेळाडू विचार करून मग लाथ मारणार. रात्रीच्या मॅचमध्ये काळ्या जर्सीवाले अंधारात गडप. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि सरळ नव्या टीव्हीची किंमत सांगितली. मी मात्र घरी येऊन जे जे वाढवता येतं ते सगळं वाढवून ठेवलं होतं.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, नाक पडद्याला लागेल इतके जवळ गेलात आणि मैदानाच्या पांढऱ्या रेषेवर बोट ठेवलंत. ‘ही रेघ एक आहे की तीन?’ खरंच, रेषेच्या दोन्ही कडांना बारीक गडद किनार होती. शार्पनेस नवा तपशील आणत नाही, आहे त्याच कडा गिरवतो, म्हणालात. आमच्या टीव्हीत तो शून्यावर आणलात. सगळ्याच टीव्हींत शून्य बरोबर नसतं, काहींत मधला आकडाच मूळचा असतो, हेही बजावलंत.

कापलेल्या स्कोअरची गोष्ट मला सगळ्यात आवडली. ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा कधी सरळ यायच्या नाहीत, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा चौकटीमागे लपवायचे. ट्यूब गेली, सवय राहिली. शिवाय फुगवलेलं चित्र 1920 गुणिले 1080 ठिपक्यांत पुन्हा बसवताना सगळंच थोडं पुसट होतं. कुणाच्या टीव्हीत त्यावरचा उपाय ‘स्क्रीन फिट’, कुणाच्यात ‘जस्ट स्कॅन’. आमचा पिक्चर साइजच्या आत, चौथ्या ओळीत लपला होता.

मग गेम मोड. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एकेक जेमतेम 17 मिलिसेकंदांचं. हालचाल मऊ दिसावी म्हणून टीव्ही पुढचं चित्र येईपर्यंत हातातलं धरून ठेवतो आणि मधलं एक स्वतः रचतो. सिनेमाला या उशिराने फरक पडत नाही, पेनल्टीला पडतो. ही रचारची बंद करणारा गेम मोड लावल्यावर भावाने पहिल्याच शॉटला गोल मारला आणि असा ओरडला की गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसलेले आजोबा दचकले.

अंधाराचं खापर मात्र माझ्यावरच फुटलं. कन्सोलमध्ये आरजीबी रेंज मीच ‘फुल’ करून ठेवली होती. कन्सोल काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 255 पाठवत होता, टीव्ही 16 ते 235 धरून बसला होता. 16 च्या खालचं सगळं एकच काळं. ती ‘ऑटोमॅटिक’वर नेलीत आणि जर्सीच्या घड्या दिसायला लागल्या. मी ब्राइटनेस का वाढवत होतो, असं विचारलंत. उजेड हवा म्हणून! तेव्हा कळलं, की उजेडाचं काम पडद्यामागच्या दिव्याचं, म्हणजे बॅकलाइटचं. आमच्या टीव्हीत ब्राइटनेस फक्त काळा किती काळा ते ठरवतो.

रंगांवरून घरात दोन दिवस भांडण झालं, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही ‘व्हिव्हिड’ काढून ‘वॉर्म’ लावलंत, तर भाऊ म्हणाला पडद्यावर हळद सांडली. शोरूमच्या झगझगाटात उठून दिसायला ‘व्हिव्हिड’चा निळसरपणा असतो, हे तुमचं म्हणणं त्याला पटेना. तिसऱ्या दिवशी त्याने हट्टाने जुनं परत लावलं आणि स्वतःच म्हणाला, सगळे आजारी दिसतायत. मी काही बोललो नाही.

तुम्ही हे सगळं फक्त कन्सोलची वायर लागते त्या एचडीएमआयवर केलंत, आईच्या सेट-टॉप बॉक्सला हात लावला नाहीत. तिच्या मालिकांतल्या साड्या अजून भडकच आहेत आणि ती खूश आहे.

एक काम होतं. माळ्यावर आमचा जुना ट्यूबचा टीव्ही पडलाय, बाबा तो भंगारात काढतायत. तुम्हाला सुटे भाग लागत असतील तर शुक्रवारपर्यंत मी थांबवून ठेवतो. उचलायला आम्ही दोघे आहोत.

तुमचा,
आतल्या खोलीतला थोरला