लॉगऑफची स्क्रिप्ट चालते, पण माणूस बाहेर पडत नाही

मा. संपादक,

दहावी-बारावीचे निकाल लागले की गोव्यातल्या वाचनालयांत आणि विद्यालयांच्या संगणक कक्षांत प्रवेश अर्ज नि दाखल्यांसाठी रीघ लागते. एक जण घाईत उठतो, त्याचा मेल उघडाच राहतो आणि दुसरा तिथे येऊन बसतो. म्हणून अनेक ठिकाणी ठरलेल्या वेळी आपोआप लॉगऑफ करणारी (खाते बंद करणारी) स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) लावतात. ती ‘चालत नाही’ म्हणून ओळी बदलत बसण्याआधी ती कोणाच्या नावाने चालते ते पाहावे.

‘शटडाउन /एल’ ही आज्ञा फक्त ती चालवणाऱ्याचेच सत्र (लॉगइनपासून लॉगऑफपर्यंतचा वापर) बंद करते. टास्क ‘सिस्टम’ (विंडोजच्या स्वतःच्या) खात्याने किंवा ‘युजर लॉगऑन असो वा नसो’ हा पर्याय निवडून लावले, तर ते पडद्याआड शून्य क्रमांकाच्या सत्रात चालते. समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या सत्राला धक्काही लागत नाही. शेड्युलरमध्ये ‘शेवटचा निकाल’ शून्य दिसला तरी त्याचा अर्थ प्रोग्रॅम तक्रार न करता संपला एवढाच. माउस किती वेळ हलला नाही हेही शून्य सत्रातून कळत नाही, कारण ती माहिती ज्या त्या सत्रापुरती असते.

तेव्हा ‘क्वेरी युजर’ने सत्रांची यादी घ्यावी आणि ‘लॉगऑफ’ला नेमका सत्र क्रमांक द्यावा. इथे दुसरी गोम आहे. चालू सत्राची ओळ ‘विद्यार्थी१, कन्सोल, २, ॲक्टिव्ह’ अशी येते. कोणी ‘स्विच युजर’ करून, म्हणजे खाते बंद न करता दुसऱ्याला जागा देऊन, उठला असेल तर त्याची ओळ ‘विद्यार्थी२, ३, डिस्क’ (डिस्कनेक्टेड) अशी येते. सत्राच्या नावाचा रकाना कोराच. तिसरा शब्द म्हणजे क्रमांक असे धरणारी स्क्रिप्ट मग ‘डिस्क’ हाच क्रमांक समजते, आणि नेमके सोडून गेलेले खाते उघडे राहते. अशा ओळीत दुसरा शब्द घ्यावा. स्वतःच्या सत्राच्या ओळीत युजरच्या नावाआधी ‘>’ हे चिन्ह येते, तेही काढून टाकावे. विंडोजच्या होम आवृत्तीत ‘क्वेरी युजर’ ही आज्ञाच नसते, त्यामुळे खरेदी करतानाच प्रो आवृत्ती मागावी.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. टास्कच्या अटींत ‘विजेवर असेल तरच सुरू करा’ ही खूण मुळातच केलेली असते. यूपीएस यूएसबी केबलने संगणकाला जोडला असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजते, आणि वीज गेलेली असताना टास्क सुरूच होत नाही. ही खूण काढावी. ‘वेळ चुकल्यास लवकरात लवकर चालवा’ ही मात्र लावावी.

‘नेट अकाउंट्स’ या आज्ञेतल्या ‘फोर्सलॉगऑफ’ पर्यायावर काही जण विसंबतात. तो नेटवर्कवरून फाइल वापरणाऱ्यांची जोडणी तोडतो; खुर्चीवर बसलेल्याला उठवत नाही. लॉक स्क्रीनची मुदतही सत्र झाकते, संपवत नाही.

लॉगऑफ झाल्यावर न जतन केलेले काम जाते. अर्धा अर्ज भरलेला मुलगा आणि कक्ष सांभाळणारा यांच्यात भांडण नको, म्हणून पाच मिनिटे आधी ‘एमएसजी’ या आज्ञेने सूचना झळकवावी. पण सगळे एकाच सामायिक खात्याने बसत असतील तर एवढे करूनही पुरे पडत नाही. पुन्हा लॉगइन झाल्यावर क्रोम तोच प्रोफाइल उघडतो आणि आधीच्याचा मेल समोर येतो. तिथे अतिथी (गेस्ट) खिडकी सक्तीची करणारे क्रोमचे धोरण लावावे. ती बंद केली की त्यातले लॉगइन पुसले जाते.

पंचायती, वाचनालये आणि शाळा देखभालीचा करार करतात तेव्हा बिल देण्याआधी एवढे तपासून घ्यावे: एक खाते लॉक केलेले, दुसरे ‘स्विच युजर’ने मागे सोडलेले आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढलेला, अशा स्थितीत टास्क ठरल्या वेळी चालू द्यावे. मग व्यवस्थापकाच्या खात्याने ‘क्वेरी युजर’ पुन्हा चालवावे. यादीत त्या दोघांपैकी कोणीही उरला तर काम अपुरे आहे.

— एक वाचक, डिचोली