मनू, आधी ती यादी बदल

प्रिय मनू,

तुझा मेल वाचला आणि लायब्ररीत बसले होते म्हणून, नाहीतर जोरात ओरडले असते. सुंगक्युनक्वान युनिव्हर्सिटी, एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजवर! म्हणजे तू सोलला येणार आणि ते पण थेट ह्येह्वाला, माझ्या खोलीपासून मेट्रोने अर्धा तास पण नाही. काकूंना सांग पोरीची काळजी करू नका, जेवायला माझ्याकडे येईल (आणि तुला सांगते, आमटी तूच करणार आहेस).

आता कौतुक झालं, मुद्द्यावर येते. ती पाच कोर्सची यादी जी पाठवलीयेस ना ती बदल. सगळी नाही, पण निम्मी तरी. मायक्रो, इकॉनॉमेट्रिक्स, मार्केटिंग, पायथॉन आणि ते के-पॉपचं काहीतरी. ही यादी बघून मला वाटलं की तू पुण्यातच बसलीयेस, फक्त खिडकीबाहेर सोल आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की जे पुण्यात शिकता येतं ते पुण्यात शीक, इथे चार महिने मिळतायत, जे फक्त इथेच मिळेल ते घे.

इकॉनॉमेट्रिक्स ठेव, कारण पाचव्या सेमचा एखादा पेपर त्याच्याशी मॅच करून घ्यावा लागणार हे मला कळतंय. मायक्रो काढून टाक. त्याच्याऐवजी कोरियन इकॉनॉमीवरचा इंग्लिशमधला कोर्स शोध. इकॉनॉमिक्सवाल्या मुलीने सोलमध्ये येऊन तो घेतला नाही तर मग कुणी घ्यायचा? आपण डेव्हलपमेंटच्या पेपरात साउथ कोरियावर एक परिच्छेद पाठ केला होता, एक्स्पोर्ट, शिक्षण, सरकारचा हात, झालं, पाच मार्क. इथे त्याच परिच्छेदाचा अख्खा सेमिस्टर होतो. १९६२ ची पहिली पंचवार्षिक योजना (आपल्यानंतर अकरा वर्षांनी!), १९६५ मध्ये जपानशी करार झाला आणि त्यातून पैसा आला, त्यातला बराच पोहांगच्या स्टीलच्या कारखान्यात गेला, वर्ल्ड बँक म्हणत होती की हा कारखाना परवडणार नाही आणि ह्यांनी तरी १९६८ मध्ये कंपनी काढलीच. ती कंपनी म्हणजे पोस्को, आपल्या माणगावजवळ ज्यांचा प्लांट आहे तेच. रांजणगावला एलजी, तळेगावात आता ह्युंदाई, म्हणजे तुझ्या मामाच्या घरापासून तासाभरात जे काही चाललंय त्याची सुरुवात कुठून झाली ते तुला कळेल, आणि उद्या नोकरी शोधताना हे मायक्रोच्या तिसऱ्या कोर्सपेक्षा जास्त कामाला येईल असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि १९९७. त्या वर्षाच्या शेवटी कोरियाला आयएमएफकडे हात पसरावे लागले, आणि १९९८ च्या सुरुवातीला लोकांनी घरातलं सोनं, लग्नाच्या अंगठ्या, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या, रांगा लावून देशाचं कर्ज फेडायला दिल्या. आपण १९९१ ला सोनं गहाण टाकलं ते रिझर्व्ह बँकेचं होतं, इथे लोकांचं होतं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्यांच्या घरातली अंगठी गेली अशा मुलांबरोबर वर्गात बसून त्यावर बोलणं वेगळं. इथल्या लोकांच्या पक्क्या सरकारी नोकरीच्या आणि मोठ्या कंपनीच्या वेडामागे ते वर्ष आहे असं माझे प्रोफेसर सारखं म्हणायचे. आणि लोकसंख्येवर काही मिळालं तर तेही बघ, २०२३ मध्ये इथला जन्मदर बाईमागे ०.७२ होता, जगात सगळ्यात कमीच्या आसपास, त्यामुळे लेबर इकॉनॉमिक्सचा साधा कोर्ससुद्धा इथे वेगळाच होऊन जातो.

मार्केटिंग. बऱ्याच युनिव्हर्सिटींत बिझनेसचे कोर्स बिझनेस स्कूलमधून आलेल्या एक्स्चेंजवाल्यांनाच देतात, तू आर्ट्सची, आधी मेल करून विचार. मेडिकल, नर्सिंग, लॉ वगैरे तर बहुतेक ठिकाणी बंदच असतं पण ते तुला नकोच आहे. के-पॉपचा घे किंवा नको घेऊ, माझं काही म्हणणं नाही, फक्त अशा वर्गात बऱ्याचदा सगळे आपल्यासारखेच बाहेरचे असतात, जर्मन, फ्रेंच, सिंगापूरचे, मजा येते पण कोरियन कुणी भेटत नाही. निदान एक कोर्स असा घे जिथे बहुतेक मुलं इथलीच असतील.

पायथॉनचं मात्र नीट बघ. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये कॅम्पसच्या कॉलममध्ये सुवॉन लिहिलंय, दिसलं का? सुंगक्युनक्वानचे दोन कॅम्पस आहेत, ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्स सोलमध्ये आणि सायन्स-इंजिनीअरिंग सुवॉनला, म्हणजे शहराच्या बाहेर दक्षिणेला. मधे युनिव्हर्सिटीची बस आहे पण जाऊन येऊन तुझा दिवस गेलाच समज. हे एकट्या तुझ्या युनिव्हर्सिटीचं नाही, योन्सेचा एक कॅम्पस इंचॉनच्या सोंग्डोला आहे आणि एक तर पार वॉन्जूला, हानयांगचा दुसरा आन्सानला, क्युंगहीचा योंगिनला. लोक कोर्सचं नाव आणि वेळ बघतात आणि हा कॉलम बघतच नाहीत. पायथॉन तू घरी बसून यूट्यूबवर पण शिकशील.

आणि कोरियन भाषा कुठे आहे यादीत?? मला खरंच कळलं नाही. तीन क्रेडिटचा बिगिनरचा कोर्स घे, तुला हंगुल, म्हणजे त्यांची लिपी, वाचता येते म्हणालीस तर प्लेसमेंट टेस्ट देऊन वरच्या वर्गात जायला बघ. घाबरू नको, आपल्याला ही भाषा इंग्लिशवाल्यांपेक्षा बरीच सोपी जाते, क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय, मोठ्यांशी बोलताना वेगळं रूप, सगळं ओळखीचं. ख, थ, फ फुकटात मिळतात, त्रास होतो तो त्यांच्या घट्ट दाबून म्हणायच्या क, त, प चा. फक्त एक, लँग्वेज इन्स्टिट्यूटचा फुल कोर्स वेगळा असतो, बऱ्याच ठिकाणी दहा आठवडे, दोनशे तास, रोज चार तास, त्याची वेगळी फी. तो डिग्रीच्या कोर्सबरोबर नको, मरशील. युनिव्हर्सिटीचा साधा क्रेडिटवाला कोर्स बघ.

आता महत्त्वाचं. तू बनवलेली यादी तुला मिळणारच नाहीये. कोर्स रजिस्ट्रेशन म्हणजे तत्काल तिकीट आहे, ठरलेल्या मिनिटाला खिडकी उघडते आणि चांगले वर्ग काही सेकंदांत भरतात. इथली मुलं त्या दिवशी पीसी बांगमध्ये, म्हणजे गेमिंगच्या सायबर कॅफेत, जाऊन बसतात, नेट फास्ट असतं म्हणून, आणि दुसऱ्या टॅबमध्ये सर्व्हरचं घड्याळ सेकंदासकट लावून ठेवतात. काही ठिकाणी आधी कोर्स बास्केटमध्ये टाकून ठेवता येतात, योन्सेमध्ये तर मुलांना मायलेज म्हणून पॉइंट मिळतात आणि ते कोर्सवर लावायचे, लिलावासारखे. तुझ्याकडे नेमकं काय आहे ते इंटरनॅशनल ऑफिसच्या गाइडमध्ये असेल, एक्स्चेंजवाल्यांचा दिवस पण बऱ्याचदा वेगळा असतो. एवढं लक्षात ठेव की दिलेली वेळ कोरियाची असते, आपण साडेतीन तास मागे, इथले सकाळचे दहा म्हणजे तुझे साडेसहा, आणि ऑगस्टमध्ये पुण्यात पाऊस, लाइट जाणार, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव. पॉप-अप ब्लॉकर बंद कर, दोन ठिकाणी लॉगिन करू नको, एकातून बाहेर फेकतात. मॅक्रो, म्हणजे आपोआप क्लिक करणारा प्रोग्राम, लावणाऱ्यांना अडवायला मधेच आकडे टाइप करायला सांगतात त्याने दचकू नको.

म्हणून एचओडी सरांकडे पाच कोर्सवर सही घ्यायला जाऊ नको, दहावर घे. हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. माझ्यासोबतच्या एका मुलीला रजिस्ट्रेशनमध्ये दोन कोर्स मिळाले नाहीत, तिने दुसरे घेतले, छान मार्क पण पडले, आणि परत गेल्यावर तिच्या कॉलेजने सांगितलं हे आधी मंजूर नव्हते, क्रेडिट देता येत नाहीत. सहा क्रेडिट वाया गेले. तू जास्तीचे पाच पर्याय सिलॅबसच्या पीडीएफसकट आधीच मंजूर करून ठेव, आणि मंजुरी तोंडी नको, मेलवर. अजून एक विचार, इथला कोर्स तीन क्रेडिटचा असतो आणि आपल्याकडे काही पेपर चारचे आहेत. एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये १५ तास हा हिशोब दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे सर ऐकतील, पण तो एक क्रेडिट कमी पडतो त्याचं काय करायचं हे आत्ताच विचारून घे. आणि मार्कांचं पण. काही युनिव्हर्सिटींत ४.५ पैकी असतात, काहींत ४.३ पैकी, आपल्याकडे दहापैकी, ते कोण आणि कसं बदलणार?

मार्कांवरून आठवलं, बऱ्याच वर्गांत रिलेटिव्ह ग्रेडिंग असतं, म्हणजे ए किती जणांना द्यायचा याचा टक्काच ठरलेला. तू ऐंशी मिळव नाहीतर नव्वद, बाकीच्यांना पंच्याण्णव असतील तर बी. इंग्लिशमधल्या कोर्सना किंवा एक्स्चेंजवाल्यांना बऱ्याचदा यातून सूट असते, ते प्रत्येक कोर्सचं सिलॅबसमध्ये बघ. इकॉनॉमेट्रिक्सला सूट नसेल तर जरा विचार कर, कारण वर्गात अठरा महिने आर्मीत काढून परत आलेले मुलगे असतात, वयाने मोठे, पहिल्या बाकावर, आणि त्यांना आता फक्त नोकरी दिसत असते. त्यांच्याशी मार्कांत लढायला जाऊ नको, पण ग्रुपमध्ये असा एक जण मिळाला तर सोडू पण नको. ग्रुप प्रोजेक्ट इथे जवळपास सगळीकडे आहेत, रात्री दोनला काकाओटॉकवर, म्हणजे इथल्या व्हॉट्सअ‍ॅपवर, मेसेज येतात. एका सेमिस्टरला असे दोनच कोर्स झेपतात.

सिलॅबसमध्ये इंग्लिश लिहिलंय म्हणजे इंग्लिश असेलच असं नाही हे पण सांगून ठेवते. वर्गात सगळे कोरियन असले की काही प्रोफेसर हळूहळू कोरियनवर येतात, स्लाइड इंग्लिशमध्ये आणि बोलणं कोरियनमध्ये. यावर उपाय दोन. एक, तुझ्या बडीला, म्हणजे एक्स्चेंजवाल्यांना मदतीला मिळतो त्या इथल्या स्टुडंटला, सांग एव्हरीटाइमवर (इथल्या स्टुडंटचं अ‍ॅप) त्या प्रोफेसरचे रिव्ह्यू बघायला, तुझं स्वतःचं अकाउंट स्टुडंट व्हेरिफिकेशन झाल्याशिवाय उघडणार नाही. असाइनमेंट किती, ग्रुपवर्क आहे का, अटेंडन्स कशी घेतात, सगळं लिहिलेलं असतं, पापागोत, म्हणजे भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये, टाकून वाच. पण तिथल्या स्टारना भुलू नको, पाच स्टार बऱ्याचदा मार्क सढळ हाताने देतात म्हणून मिळालेले असतात. दुसरा उपाय, पहिल्या आठवड्यात अ‍ॅड-ड्रॉप असतं, म्हणजे कोर्स बदलता येतात, तेव्हा आवडलेल्या सगळ्या वर्गांत जाऊन बस, भरलेल्या वर्गांत सुद्धा. प्रोफेसरना नीट मेल केलास, नाव, डिपार्टमेंट, एक्स्चेंज स्टुडंट, का हवाय दोन ओळींत, तर काही जण जागा वाढवून देतात. सगळे नाही, पण विचारण्याला कुणी रागवत नाही.

टाइमटेबल लावताना सगळ्यांना शुक्रवार मोकळा हवा असतो, तुलाही हवा असेल, हरकत नाही, पण त्यासाठी मंगळवार-गुरुवारी सलग चार लेक्चर नको ठेवू. पाऊण-पाऊण तासाचे नाहीत ते, बरेचसे सव्वा तासाचे असतात. आणि तुझा कॅम्पस चढावर आहे, आपली पर्वती आठव, ह्येह्वा स्टेशनवरून शटल आहे पण सकाळी त्याला रांग. अटेंडन्स इथे खरंच मोजतात, ठरलेल्या प्रमाणाबाहेर गैरहजेरी झाली की सरळ एफ, परीक्षा कितीही चांगली दिली तरी. सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू, साधारण आठव्या आठवड्यात मिडटर्म, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, म्हणजे दिवाळीच्या आसपास. घरी जायचा बेत असेल तर आत्ताच विसर. छुसकची, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाची, सुट्टी त्याच्या थोडी आधी येते, तेव्हा फिरून घे.

आणि एक राहिलं, हे माझं लाडकं. कोरियन हिस्टरी किंवा कन्फ्यूशियन विचारांवर इंग्लिशमध्ये काही मिळालं तर पाचवा कोर्स तो घे. तुझी युनिव्हर्सिटी स्वतःचं वय १३९८ पासून मोजते, जोसॉन राजांच्या काळातली ती शाळा अजून गेटजवळ उभी आहे, म्यॉंगन्यूनदांग, अंगणात शेकडो वर्षांची गिंको झाडं. हजार वॉनच्या नोटेवर जे छप्पर दिसतं ना, ते हेच. त्यावरचा कोर्स त्याच्याच बाजूला बसून करायला मिळतो हे पुण्यात कुठून आणणार.

म्हणजे माझ्या मते कोरियन भाषा, कोरियन इकॉनॉमी, इकॉनॉमेट्रिक्स, हिस्टरीचा एक, आणि पाचवी जागा तुझी, के-पॉप टाक हवं तर. पंधरा क्रेडिट पुरेत, अठरा घ्यायचा मोह होईल, नको.

इकॉनॉमेट्रिक्सचा सिलॅबस पाठव, मी ग्रेडिंगचा भाग वाचून सांगते. शुक्रवारी रात्री फोन कर, माझ्याकडे अकरा म्हणजे तुझ्याकडे साडेसात, तेव्हा मी मोकळी असते. आणि सरांना सोमवारच्या आत गाठ, नंतर ते परीक्षेच्या कामाला लागतील आणि सापडणार नाहीत.

तुझी,
चिऊ

ता.क. गोडा मसाला अर्धा किलो. एअरपोर्टवर काही विचारलं तर मसाला आहे म्हणून सांग, पॅकेट सीलबंद आण.